मन्मथ, तुझा घोडीचा डबा काल विकला

मन्मथ, काल तुझा डबा विकला.

हो, तोच. चंद्रीला माळेगावच्या यात्रेला ऐटीत न्यायचं म्हणून तू लातूरहून आणलेला, दुसऱ्याने वापरून टाकलेला, घोडे वाहायचा ट्रेलर. दोन वर्षं तो तुझ्या शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली उभा होता, आणि त्या दोन वर्षांत एकाही घोड्याने त्यातून पावलाचा प्रवास केला नाही. एका मांजरीने त्यात दोनदा पिलं घातली. डब्याचा तेवढाच उपयोग झाला.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. मला खरं तर रडायचं होतं, पण तुझ्या लोकांनी संधीच दिली नाही. तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला समाधीत बसवतात. जन्मभर लोडाला रेलून बसलेला तू, त्या दिवशी कपाळाला भस्म लावून, पाठ ताठ करून बसला होतास. इतका शहाणा मी तुला कधी पाहिला नव्हता. पुढे तुझ्या दिवसांच्या, म्हणजे आराधनेच्या जेवणाआधी चौघांनी भाषणं केली. तुझ्या भावकीतला एक गृहस्थ माईक हातात घेऊन म्हणाला, "मराठवाड्यातला थोर अश्वतज्ज्ञ आपल्यातून गेला." मी तोंडात उपरणं कोंबलं. माझे खांदे हलायला लागले. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, "रडू नका, रडू नका." तुझ्या घरच्या जेवणाला हसून आलो म्हणून आता बोंबलू नकोस. थोर अश्वतज्ज्ञ! लंगडं घोडं विकत घेणारा तज्ज्ञ.

आपली ओळखच त्या लंगड्या घोड्यामुळे झाली. माझं लोह्यात भांड्यांचं दुकान, यात्रेत पितळेच्या घंट्या आणि घुंगरू विकायला मी माळेगावला पाल टाकायचो. पालासमोर तुझा सौदा चालला होता. विकणाऱ्याचा आणि तुझा हात एका रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरतोय, भोवती माणसं गप्प. मी आपला सरळ मनाचा. म्हणालो, "अहो, ते घोडं मागल्या पायानं लंगडून राहिलं की."

तू हात बाहेर न काढता माझ्याकडे नुसती मान वळवलीस. "हात रुमालाखाली असले की तिसऱ्यानं जीभ दाताच्या आत ठेवायची. सौदा नासतो. एवढं कळत न्हाई का, भांडेवाले?"

सगळं मैदान मला हसलं. मग तू ते घोडं घेतलंस, लंगडतं घरी नेलंस, आणि पुढच्या वर्षी माझ्या पालावर येऊन चहा मागितलास. घोडं कसं आहे विचारलं तर म्हणालास, "झ्याक हाय. जरा बसून असतंय." त्या दिवसापासून तीस वर्षं तू मला घोड्यांतलं काही कळत नाही असं सांगत आलास, आणि मी तीस वर्षं ऐकून घेतलं. यात जास्त मूर्ख कोण, यावर आपलं बोलणं राहूनच गेलं.

चंद्री तेवढी तू चांगली घेतलीस, हे मी मान्य करतो. कुमैत, म्हणजे काळसर तांबडा रंग, कपाळावर चांदणी, आणि चाल अशी की पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तर सांडू नये. पण एका यात्रेहून पिकअपमधून परत येताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि ती पुढच्या गुडघ्यांवर घसरली. दोन्ही गुडघे सोलले. तू हळद दाबत रस्त्याच्या कडेला बसलास आणि शपथ घेतलीस, की ही पुन्हा टेंपोत उभी राहणार नाही. "मोठ्या लोकाची घोडी डब्यातून येती, दिगू. आपली बी येईल. माळेगावच्या मैदानात मागचा फळका खाली पडंल, समदे लोक बघत असतील, अन् चंद्री अशी उतरंल, अशी उतरंल, नवरीवानी." बोलता बोलता तू उपरण्याने डोळे पुसलेस. मला मात्र नवरी उतरते त्या गाडीचा ड्रायव्हर कोण, तो तू, आणि तुझ्या डोक्यावर फेटा, हे सगळं दिसायला लागलं आणि मी खूप हसलो. त्याबद्दल माफी मागायची राहिली. आजही मागत नाही.

तर लातूर. तो फार्महाऊसवाला साहेब आठवतो ना? डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, आणि घोडा एकही नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने घोडे घेतले होते, पहिल्याच महिन्यात एकाने त्याला बाभळीत फेकलं, आणि आता तो सगळं सामान काढायला बसला होता. मला तो माणूस फार आवडला. आपण काय विकतोय हे त्याला माहीत नव्हतं, आणि आपण काय घेतोय हे तुला माहीत नव्हतं. सौद्यात इतकी बरोबरी सहसा मिळत नाही.

तू डब्याकडे डाव्या अंगाने गेलास. घोड्याजवळ तसंच जायचं असतं म्हणून. पत्र्यावर थाप मारलीस. उकिडवा बसलास आणि टायरच्या भेगा अशा पाहिल्यास, की जणू जबडा उघडून दात बघतोयस. "वय झालंय," म्हणालास, "पण अंगानं भरलेलं हाय." मग पत्र्यावर भोवरा शोधायला लागलास. मी डोळ्यांनी पाहिलंय, मन्मथ. घोड्याच्या अंगावर केसांचा अशुभ भोवरा शोधतात तसा तू रंगाच्या पोपड्यांत भोवरा शोधलास, आणि सापडला नाही म्हणून समाधानाने मान हलवलीस.

"आता जरा चालवून दावा," तू हुकूम सोडलास.

साहेबाच्या ड्रायव्हरने डबा जीपला जोडून दोन चकरा मारल्या. तू मान तिरकी करून त्याची चाल पाहिलीस. "मागचं डावं जरा जड टाकतंय."

"हवा कमी हाय टायरात," ड्रायव्हर म्हणाला.

"मी दुसरं काय म्हणालो?"

मला घोड्यांतलं कळत नाही, पण भांडं वाजवून घ्यायची मला सवय आहे. मी डब्याखाली पाठीवर शिरलो आणि आतल्या जमिनीच्या फळ्यांवर बोटाच्या पेराने वाजवलं. चांगल्या लाकडाला आवाज असतो. यातून नुसतं बद्द बद्द येत होतं. खिशातली दुकानाची किल्ली काढून टोचली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली. फळ्या कुजल्या होत्या. जुन्या मालकांच्या घोड्यांनी वर्षानुवर्षं मुतून त्यांचा भुसा केला होता, आणि वरून काळी रबरी मॅट अंथरलेली.

मी घाईघाईने बाहेर आलो, आणि बघतो तर काय. तू खांद्यावरचं उपरणं साहेबाच्या हातावर टाकलं होतंस आणि तुमचे दोघांचे हात त्याच्या आत होते.

साहेबाला रुमालाचा सौदा म्हणजे काय हे गावीही नव्हतं. तो नाडी दाखवायला आल्यासारखा उभा होता. तू बोटं दाबलीस, त्याने लिंबू पिळावं तशी तुझी सगळी बोटं एकदम दाबली. तू गंभीर झालास. पुन्हा दाबलीस. त्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात, तो हसला. तू त्या हसण्याचाही काहीतरी अर्थ काढलास. आणि मी तिथे उभा, हातात भुसा भरलेली किल्ली, आणि जीभ दाताच्या आत. हात रुमालाखाली असले की तिसऱ्यानं बोलायचं नाही. तूच शिकवलेलं. ज्या दोघांसाठी मी तो नियम पाळला, त्यातल्या एकाला नियम ठाऊकच नव्हता.

साहेबाचीच जीप डबा ओढत रस्त्याला लागल्यावर मी तुला किल्ली दाखवली. तू किल्लीकडे पाहिलंस, रस्त्याकडे पाहिलंस.

"तव्हाच का बोलला न्हाईस?"

"हात रुमालाखाली होते तुझे."

अहमदपूर येईपर्यंत तू ती किल्ली उलटसुलट करून बघत राहिलास. मग म्हणालास, "फळ्या चांगल्या हायत. तुझी किल्लीच टोकदार हाय." तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू दोन वर्षांनी अर्धवट टाकून निघून गेलास.

पंधरा दिवसांनी मी आलो तर तू मॅटवर चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारून स्क्रू आवळले होते. खालूनही पत्रा ठोकून घेतला होतास. वाजवायला जागा ठेवली नाहीस. "आपल्या मालाला भाईरच्यानं टोचायचं न्हाई," म्हणालास. मी म्हणालो, "मढ्यावर पांघरूण घातलंस." तू खूश होऊन हसलास. तुझं ते हसणं मला तेव्हा निर्लज्ज वाटलं होतं.

दर सोमवारी माझं दुकान बंद, तुझा उपवास. मी बसने यायचो, साबुदाणा खायचो, आणि मग आपण चंद्रीला डब्यात चढवायचो. म्हणजे चढवायला बघायचो. तू आत उभा राहून दोर ओढायचास, मी मागून टाळ्या वाजवायचो. ती फळक्यावर एक पाय ठेवायची, आवाज ऐकायची, आणि पाय काढून घ्यायची.

"बघ, तिला कळून राहिलं," मी तिच्या मागून ओरडायचो. "खाली पोकळ हाय."

"तिला तुझं तोंड दिसालंय मागं," तू आतून. "चढंल कशी?"

"मुकं जनावर हाय, पण मालकापरीस दिमाग हाय तिला."

"तू भांडी वाजीव, जा."

ती बिचारी दोघांच्या मधे, कान मागे पाडून. गूळ दाखवला, भिजवलेला हरभरा दाखवला. दोन यात्रा गेल्या. मी सांगून थकलो, की वाट तासाभराची नसली तरी अर्ध्याच दिवसाची आहे, पायी नेऊ. आपले बापजादे घोड्याला घोड्याच्याच पायांनी यात्रेला न्यायचे. तू छाती काढून म्हणायचास, "पायी न्यायाला मी काय फकीर हाय? डबा हाय माझ्याकडं." ज्याच्याकडे डबा होता तो दोन वर्षं यात्रेला गेला नाही. ज्यांच्याकडे नव्हता ते सगळे जाऊन आले.

शेवटच्या सोमवारी मी चिडून म्हणालो, "तू मेलास ना, की हा डबा पहिल्यांदा विकून टाकतो."

तू लोडाला रेललास. "विक. पण गिऱ्हाईकाला खालची जमीन दावून विक. तू लई खरं बोलणारा ना."

त्या गुरुवारी दुपारी जेवून तू आडवा झालास आणि उठला नाहीस.

आता खरं सांगतो, माईकवर नाही, इथे. गेले सोळा दिवस मला एकच गोष्ट छळत होती. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर सौदा मोडला असता, तू दुसरा बरा डबा शोधला असतास, चंद्री चढली असती. तुझ्या आयुष्यात आणखी दोनच यात्रा उरल्या होत्या, आणि त्या दोन्ही माझ्या गप्प बसण्याने गेल्या. कशासाठी? तर एका उपरण्याचा मान राखायला. दुकानात बसून मी पातेली वाजवायचो आणि प्रत्येक पातेलं बद्द बद्द करायचं.

वहिनींनी बोलावून घेतलं. "भावजी, डबा विका, अन् चंद्रीला तुम्ही न्या. मला दोन्हीकडं बघू वाटंना."

गिऱ्हाईक मी शोधलं. बिलोलीकडचे हुसेनभाई, वरातीला घोडे देणारे. काल सकाळी आले. भला माणूस. डब्याभोवती फिरले, आणि भोवरा वगैरे न शोधता सरळ खांद्यावरचा रुमाल काढला. "चला शेठ, हात द्या."

माझा हात निम्मा पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.

"थांबा, हुसेनभाई. हात आत गेला की मला बोलता यायचं न्हाई. आधी जमीन बघा. कुजलेली हाय."

"अरे, मालकच माल खराब सांगून राहिला?"

"मालक समाधीत बसलाय. मी तिसरा माणूस हाय."

स्क्रू गंजले होते. एकेक काढायला घाम निघाला. पट्ट्या सोडवल्या, मॅटचा कोपरा धरला आणि उचलला.

खाली नव्या फळ्या होत्या, मन्मथ. बाभळीच्या, जाड, एकास एक बसवलेल्या, डांबर पाजलेल्या. मी गुडघ्यांवर बसून वाजवलं. पितळेच्या घंगाळासारखा आवाज आला. किल्ली टोचली तर किल्लीचं टोक वाकलं.

मागे वहिनी येऊन उभ्या होत्या. तोंडाला पदर, पण डोळे हसत होते.

"घेतल्यावर पंधरा दिवसांत सुतार आणून बदलल्या की त्यांनी," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी. मला म्हणाले, दिगूला सांगितलंस तर बघ."

"अन् मी दर सोमवारी येऊन..."

"तुम्ही भांडून बस धरायला गेलात की हे तासभर हसत बसायचे. म्हणायचे, आज बी म्हणला घोडीला कळतंय म्हणून. मागं मागं उपवासाच्या दिवशी तेवढीच करमणूक होती त्यांची."

हलकट माणसा! दोन वर्षं! तुला पहिल्याच दिवशी माझं पटलं होतं. माझं ऐकून तू सुतार आणलास, माझ्या शब्दावर बाभूळ तोडलीस, आणि मला जिंकल्याचा एक चहासुद्धा पाजला नाहीस. मी घोडीच्या शहाणपणावर प्रवचनं द्यायचो, आणि घोडी नव्याकोऱ्या फळ्यांना नाही म्हणत होती. म्हणजे तिलाही काही कळत नव्हतं, मलाही नाही. शहाणा एकटा तू, आणि तुझाही दोर रिकामाच. इतक्या खालच्या पातळीचा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. सोळा दिवसांचं ते ओझं उतरलं तसा मी डब्यातच बसून मोठ्याने हसायला लागलो, आणि या वेळी हुसेनभाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. या वेळी तो हात बरोबर होता.

मग सौदा झाला. रुमालाखाली. वहिनी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी जीभ दाताच्या आत ठेवली. तुझं घर आहे ते.

चंद्रीला मी पायी काढलं. पुन्हा ओढाओढ करायचं माझ्यात बळ नव्हतं. वहिनींनी तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि डब्यात कडब्याच्या चार पेंढ्या टाकल्या, माझ्या गोठ्यापर्यंत पोचवायला. हुसेनभाईंना लोह्यावरूनच जायचं होतं. त्यांनी जीपला डबा जोडला, पण पुढे निघून जाईनात. "दुखाचं घर हाय शेठ, तुम्हाला सोडून कसा जाऊ," म्हणत पुढे जायचे, थांबायचे, आम्ही गाठलं की पुन्हा पुढे. रस्त्याने येणारे जाणारे बघत होते. एका मोटारसायकलवाल्याने थांबून विचारलंच, "मामा, घोडी पायी अन् घोडीची गाडी रिकामी?"

"रिकामी न्हाई," मी म्हणालो, "मालक बसलाय आत."

त्याने डब्यात वाकून पाहिलं आणि गाडी पळवली.

दुपारनंतर वाटेवरचं माळेगाव आलं. यात्रा नाही, काही नाही. मैदान मोकळं, कुठेतरी फाटक्या पालाची चिंधी, एक चहाची टपरी. हुसेनभाईंनी मैदानात जीप लावली होती. कडबा सुटून पसरला म्हणून मागचा फळका खाली टाकून ते पेंढ्या बांधत होते. मी चंद्रीचा दोर तिच्या मानेवर टाकला आणि चहा सांगायला टपरीकडे वळलो. माझ्या पायांची सालं निघाली होती. घोडी कुठे पळतेय.

"शेठ," हुसेनभाई हळूच म्हणाले. "हलू नका."

मी वळून पाहिलं. ते फळक्याच्या बाजूला सरकून उभे होते. आत कुणी ओढत नव्हतं. मागे कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. कुणी कुणाला मूर्ख म्हणत नव्हतं. चंद्रीने फळक्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि कडब्याच्या वासाने टकटक करत वर गेली. चारही पाय तुझ्या बाभळीवर. दोन तोंडं कडबा खाल्ला. मग मागचे पाय फाकवले, आणि त्या पसरलेल्या कडब्यावर, त्या डांबर पाजलेल्या फळ्यांवर, जी धार सोडली ती हुसेनभाईंची बिडी संपेपर्यंत संपली नाही.

"सौदा मोडू का?" मी विचारलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "आता जुना झाला म्हणायचा."

आणि मग ती उतरली. ऐकतोयस ना, मन्मथ? माळेगावच्या मैदानात, फळका खाली पडलेला, आणि चंद्री तुझ्या डब्यातून उतरली. सगळे लोक बघत होते, म्हणजे मी, हुसेनभाई आणि चहावाला. आत वळायला जागा नव्हती, म्हणून नवरी उलटी उतरली, शेपटीकडून, एकेक पाय चाचपत. मी टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानेही वाजवल्या. का, ते त्याला माहीत नव्हतं.